ला डीगच्या उंडीखाली

सेशेल्समधल्या ला डीग बेटावर बहुतेक पर्यटक येतात ते किनाऱ्यावरच्या प्रचंड ग्रॅनाइटच्या खडकांसाठी. आम्ही शेजारच्या प्रालँ बेटावरून बोटीने येऊन उतरलो, जेटीजवळ सायकली भाड्याने घेतल्या आणि समुद्र दुपारवर टाकून आधी व्हव राखीव जंगल गाठलं. मला सेशेल्सचा स्वर्गीय नर्तक हा पक्षी पाहायचा होता.

रस्त्याला लागून असलेलं हे जंगल अगदी छोटं आहे. आत शिरलो तर झाडं ओळखीची! कोकणच्या किनाऱ्यावरची उंडी आणि आपला देशी बदाम. उंडीला इथे ताकामाका म्हणतात. खाली ओलसर माती, वर दाट सावली, आणि डास भरपूर. किडे खाऊन जगणाऱ्या पाखराला आणखी काय हवं?

मादी आधी दिसली. काळं डोकं, तांबूस पाठ, पांढरं पोट. लोंबत्या फांदीच्या पार टोकाला, दोन काटक्यांच्या बेचक्यात तिचं वाटीएवढं घरटं होतं. ही मादी एका वेळी एकच अंडं घालते. थोड्या वेळाने नर आला. आपल्याकडचा प्रौढ नर पांढराशुभ्र असतो, हा मात्र नखशिखान्त काळा. उन्हाची तिरीप पडली की निळा चमकतो. शेपटीची दोन लांब पिसं सावरत त्याने पानाखालचा किडा टिपला आणि मादी उठताच स्वतः अंड्यावर बसला. मी कॅमेरा खाली ठेवून नुसता बघत राहिलो.

या पक्ष्याला सपाटीवरचं, पाणथळीजवळचं जंगल लागतं, आणि माणसालाही घरं, हॉटेलं बांधायला तीच सपाटी सोयीची. त्यात रोगाने उंडीची कितीतरी झाडं वाळली. पूर्वी हा प्रालँवरही होता. पुढे ला डीग हाच त्याचा शेवटचा भक्कम आसरा उरला. म्हणून 2008 मध्ये 23 पक्षी डेनिस बेटावर नेऊन सोडले. तिथे ते रुजले, त्यांची वीण वाढली. 2018 मध्ये क्युरिअज बेटावरही काही सोडले.

परतताना गावातल्या अंगणांमध्ये जुन्या उंडी दिसत होत्या. मोठी झाडं राखली तर हा पक्षी घरांच्या आसपासही राहतो. माझ्या मते राखीव जंगलाइतकीच ही अंगणंही मोलाची आहेत. ला डीगला गेलात तर खडकांआधी सकाळचे दोन तास इथे द्याच.