हेगहून: विश्वास कोणावर, संशय कोणावर

१५ जानेवारी २०२१ रोजी नेदरलँड्सचे तेव्हाचे पंतप्रधान मार्क रुट्टे यांनी संपूर्ण मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला आणि राजाला तसे कळवण्यासाठी ते सायकलवरून राजवाड्यावर गेले. त्या सायकलचे छायाचित्र आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावरही आले. सोबत आपल्याकडच्या मंत्र्यांच्या गाड्यांच्या ताफ्याबद्दल दोन खोचक ओळी होत्या. साधेपणाचे कौतुक करायला माझी हरकत नाही. मात्र हे मंत्रिमंडळ कशापायी पायउतार झाले याचा त्या संदेशात अवाक्षरानेही उल्लेख नव्हता, आणि मला सायकलपेक्षा ती हकीकत फार महत्त्वाची वाटते.

ती हकीकत आहे पाळणाघराच्या सरकारी अनुदानाची. इथे पाळणाघर महाग असते. आठवड्याचे पाचही दिवस मूल ठेवायचे म्हटले तर महिन्याला दीड-दोन हजार युरो सहज लागतात. त्यासाठी सरकार पालकांना उत्पन्नानुसार अनुदान देते. उत्पन्न जितके कमी, तितका सरकारचा वाटा मोठा. पैसे अंदाजाने आगाऊ मिळतात, पक्का हिशेब वर्ष सरल्यावर होतो आणि खर्चाचा थोडा भाग पालकांनी स्वतःच्या खिशातून भरायचा असतो. ही योजना २००५ सालापासून राबवली ती कर खात्याने, म्हणजे ज्याचा मूळ धंदा वसुलीचा आहे त्या खात्याने. कायद्याचा अर्थ त्यांनी असा लावला की एक जरी अट पुरी झाली नाही, तरी त्या वर्षाचे सगळे अनुदान परत करावे लागेल. स्वतःच्या वाट्याचे काहीशे युरो भरल्याची पावती सापडली नाही किंवा करारावर एक सही राहून गेली, की दहा-पंधरा हजार युरोंची मागणी दारात येऊन पडे. या खात्याची पत्रे निळ्या लिफाफ्यातून येतात. त्या पत्रात रक्कम स्पष्ट लिहिलेली असे, पण आपले नेमके काय चुकले हे अनेक पालकांना त्यातून कधीच कळले नाही. दाद मागायला गेलेल्यांना इथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठानेही ऑक्टोबर २०१९ पर्यंत हाच कडक अर्थ ऐकवला.

हा कडकपणा आकाशातून पडलेला नव्हता. २०१३ साली असे उघडकीस आले की एक टोळी बल्गेरियातून माणसे आणून त्यांच्या नावावर इथला पत्ता नोंदवी, अनुदाने उचलण्याची सोय करी आणि त्यांना परत पाठवून देई. दूरचित्रवाणीवर ते दिसताच संसद खवळली आणि फसवणूक करणाऱ्यांची गय नको अशी मागणी जवळजवळ सगळ्याच बाकांवरून झाली. त्याच वर्षी कर खात्याने अर्जांची छाननी करण्यासाठी स्वतः शिकत जाणारी एक संगणकीय प्रणाली वापरायला घेतली. आधीच्या बरोबर आणि चुकीच्या अर्जांवरून शिकून ती प्रत्येक अर्जाला धोक्याचे गुण देई आणि सर्वाधिक गुणांचे अर्ज तपासणीसाठी माणसाच्या टेबलावर येत. हा अर्ज वर का आला, हे त्या तपासनिसाला प्रणाली सांगत नसे. समोर आलेला माणूस संशयित आहे एवढेच त्याला ठाऊक, आणि मग संशयाला साजेशी चूक शोधणे हे त्याचे काम.

गुण देण्याच्या निकषांत अर्जदार डच नागरिक आहे की नाही, हाही एक निकष होता. त्याबद्दल पुढे बराच गदारोळ झाला आणि तो योग्यच होता. खासगी माहितीच्या संरक्षणासाठी नेमलेल्या प्राधिकरणाने डिसेंबर २०२१ मध्ये कर खात्याला २७.५ लाख युरोंचा दंड केला. दुसऱ्या निकषाची चर्चा त्या मानाने कमी झाली. तो होता उत्पन्नाचा. कमी उत्पन्नाच्या पालकांना मोठे अनुदान मिळते, त्यामुळे चूक निघाली तर वसुलीही मोठी होते, या हिशेबाने त्यांचे अर्ज वर ढकलले जात होते. गणित म्हणून यात काहीच खोट काढता येत नाही. व्यवहारात मात्र त्याचा अर्थ असा झाला, की ज्यांना वकील परवडत नाही, ज्यांच्याकडे कागद नीट लावून ठेवायला वेळ नाही आणि बँकेत शिल्लक नाही, नेमक्या त्यांच्याचकडे यंत्राने बोट दाखवले. सुरिनामी, तुर्की आणि मोरोक्कन घरांतल्या एकट्या आयांचे प्रमाण त्यांत मोठे होते. हेगमध्ये सुरिनामी हिंदुस्तानी वस्ती दाट आहे. त्यांचे पूर्वज १८७३ पासून बिहार आणि पूर्वेकडच्या उत्तर प्रदेशातून मजुरीच्या करारावर दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम या तेव्हाच्या डच वसाहतीत नेले गेले. त्यामुळे या बातम्या मी वाचल्या त्या परक्यांच्या म्हणून नव्हेत. भाजी आणि मसाले मी त्यांच्याच दुकानांतून घेते.

आता माझा स्वतःचा हिशेब सांगते, कारण तो याच देशाचा आणि याच खात्याचा आहे. परदेशातून खास कौशल्याची माणसे यावीत म्हणून इथे अशी सवलत आहे, की पगाराचा तीस टक्क्यांपर्यंतचा भाग काही वर्षे करमुक्त धरला जातो. परदेशात राहायला येताना जादा खर्च होतो, हे तिचे समर्थन. तो खर्च खरोखर किती झाला याचा पुरावा मात्र कोणी मागत नाही. माझ्या वतीने कंपनीने अर्ज केला, मंजुरीचे पत्र आले, आणि माझ्याकडे विमानाच्या तिकिटाचीसुद्धा पावती मागितली गेली नाही. वर्षभरात मला जी सूट मिळाली ती एखाद्या पालकाच्या अनुदानापेक्षा कमी नव्हती. तरीही माझ्यावर विश्वास ठेवला गेला आणि त्या पालकावर संशय घेतला गेला. मी अधिक प्रामाणिक होते म्हणून हे घडले असे मला म्हणवत नाही. गरिबाला मदत मागताना उत्पन्न, घरातली माणसे, कामाचे तास, नवऱ्यापासून वेगळे राहत असल्याची तारीख असे सगळे आयुष्य सरकारी नोंदींत उघडे करावे लागते आणि यंत्राला चघळायला तीच माहिती मिळते. आमच्यासारख्यांची माहिती तिथे नसते, म्हणून आमच्यावर नजरही नसते.

लोकशाहीच्या एकेका अवयवाने या काळात काय केले, ते पाहण्यासारखे आहे. संसदेने कायदा केला, न्यायालयांनी तो उचलून धरला, मंत्र्यांनी माहिती दडवली. पालकांना अखेर जेव्हा त्यांच्या फायली मिळाल्या, तेव्हा कित्येक पाने वरपासून खालपर्यंत काळी केलेली होती. प्रकरण उजेडात आले ते मोजक्या माणसांच्या चिवटपणामुळे. एव्हा गोन्झालेस पेरेझ या वकीलबाई वर्षानुवर्षे एकामागून एक खटला लढवत राहिल्या. पीटर ओम्त्सिख्त आणि रेन्स्के लायटन हे एकमेकांच्या विचारांशी फारसे न जुळणारे दोन खासदार प्रश्न विचारतच राहिले. त्यांतले ओम्त्सिख्त तर सत्ताधारी आघाडीतलेच होते. एका वृत्तपत्राच्या आणि एका दूरचित्रवाणी वाहिनीच्या पत्रकारांनी कागद बाहेर काढले. डिसेंबर २०२० मधल्या संसदीय समितीच्या अहवालाने या प्रकाराला अभूतपूर्व अन्याय म्हटले आणि दोषाचा वाटा संसद व न्यायव्यवस्था यांच्याही पदरात टाकला. तोवर हजारो कुटुंबे कर्जात बुडाली होती, संसार मोडले होते आणि या कुटुंबांतली हजाराहून अधिक मुले बालसंरक्षण यंत्रणेने घराबाहेर ठेवली होती.

राजीनाम्यानंतर दोनच महिन्यांनी निवडणूक झाली आणि रुट्टे यांचाच पक्ष पुन्हा सर्वांत मोठा ठरला. करोनाचे दिवस होते, हे मान्य. पण पावणेदोन कोटींच्या देशात भरडलेल्यांची संख्या काही दशसहस्रांची, आणि बाकीच्यांच्या घरी असा लिफाफा कधी आलेलाच नव्हता. पूर्वी रेशनच्या रांगेत किंवा कचेरीच्या खिडकीपाशी अन्याय झाला तर तो निदान चारचौघांना दिसे. इथे प्रत्येकाचा निवाडा स्वतंत्रपणे, त्याच्या घरी, बंद पाकिटात पोहोचला. आपल्यासारखे आणखी हजारो आहेत हे त्या पालकांनाच वर्षानुवर्षे ठाऊक नव्हते, मग मतदारांना कुठून असणार? विषमतेमुळे माणसांच्या राहण्याच्या वस्त्या वेगळ्या होतात हे जुनेच आहे. आता सरकारचा चेहराही उत्पन्नागणिक वेगळा दिसू लागला आहे, आणि एकाच सरकारला मत देणाऱ्यांना ते सरकार एकसारखे दिसेनासे झाले तर निवडणुकीने नेमका कशाचा जाब विचारायचा, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

न्यायालयांनी काहीच केले नाही असे मात्र नाही. अनेक सरकारी खात्यांची माहिती एकत्र करून फसवणुकीचा वास घेणारी ‘सिरी’ नावाची दुसरी प्रणाली रॉटरडॅमसारख्या शहरांच्या गरीब वस्त्यांवर चालवली जात होती. ५ फेब्रुवारी २०२० रोजी हेगच्या न्यायालयाने ती मानवी हक्कांच्या युरोपीय कराराशी विसंगत ठरवली. पुढे सरकारी प्रणालींची एक सार्वजनिक नोंदवहीही सुरू झाली आहे. महाराष्ट्रात रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा उमटला नाही म्हणून परतलेल्यांना किंवा लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी करताना घाम फुटलेल्यांना यातले बरेच काही ओळखीचे वाटेल. आपल्याकडे यंत्र निदान तोंडावर नाही म्हणते. इथे ते काही बोललेच नाही.

भरपाई म्हणून प्रत्येक पीडित पालकाला ३०,००० युरो देण्याचे ठरले. त्याहून अधिक नुकसान झाले असेल तर त्याची वाट लांब आहे आणि तिच्यावरून चालताना पुन्हा कागदच लागतात. अनुदानाची ही पद्धतच मोडीत काढून पैसे थेट पाळणाघरांना द्यायचे, असेही सरकारने जाहीर केले. ती सुधारणा २०२५ मध्ये येणार होती, ती आधी २०२७ वर आणि मग २०२९ वर गेली. योजनेनुसार उत्पन्न कितीही असो, नोकरी करणाऱ्या सर्व पालकांचा ९६ टक्के खर्च सरकार उचलणार आहे. सर्वांत कमी उत्पन्नाच्या पालकांना तेवढे आजही मिळते, फक्त ते परत मागितले जाईल या धास्तीसह. म्हणजे धास्ती जाईल ती त्यांची, आणि जास्तीचे पैसे येतील ते आमच्यासारख्यांच्या घरी. माझ्या ओळखीची एक आई, जिला हे अनुदान सहज मिळाले असते, ती अर्जच करत नाही. आठवड्यातले दोन दिवस कमी काम करते आणि मूल स्वतः सांभाळते.