आत्याची भातशेती आणि चुकलेला दरवाजा

कोकणातली दोन एकर भातशेती आत्याची आहे, असे आम्ही लहानपणापासून धरून चाललो होतो. प्रत्यक्षात ती तिच्या सासऱ्यांनी कूळ म्हणून, म्हणजे मालकाला खंड देऊन, कसलेली जमीन असून सातबाऱ्यावर मालक म्हणून आजही दुसऱ्याच घराण्याचे नाव आहे, हे कळले ते त्या मालकाच्या नातवाने बांधावर खांब रोवले तेव्हा.

घाबरून आम्ही वकील गाठला आणि दिवाणी न्यायालयात मनाई हुकमाचा दावा लावला. समोरच्याने ‘कूळ कधी नव्हतेच’ असा जबाब दिला आणि दावा तिथेच अडला; कारण १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याच्या कलम ८५ प्रमाणे एखादी व्यक्ती कूळ आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार दिवाणी न्यायालयाला नाही. तो मुद्दा कलम ८५अ खाली तहसीलदारांकडे पाठवावा लागतो आणि ते कलम ७०(ब) प्रमाणे चौकशी करून निर्णय देतात. आधीच तहसीलदारांकडे अर्ज केला असता तर तीन वर्षे वाचली असती. आमच्या वकिलांनी हे का सांगितले नाही, हा प्रश्न मी आता कोणाला विचारत नाही.

१ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणारी कुळे कायद्याने जमिनीची खरेदीदार मानली गेली. मात्र कलम ३२ग खाली किंमत ठरून ती भरल्यावर कलम ३२म चे प्रमाणपत्र हाती येईपर्यंत काम पुरे होत नाही. मालक विधवा, अज्ञान किंवा अपंग असल्यास कलम ३२फ मुळे ही खरेदी पुढे ढकलली जाई. आमच्या जमिनीची मालकीण तेव्हा विधवा होती आणि पुढे कोणी पाठपुरावाच केला नाही.

दुसरा वकील करण्याइतके पैसे उरले नव्हते. तेव्हा कळले की १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रियांना, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्या कायद्यातील ‘न्यायालय’ या शब्दात महसुली न्यायालये आणि न्यायाधिकरणेही येतात, त्यामुळे तहसीलदारांपुढील कामासाठीही हा वकील मागता येतो. तालुका न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा समितीत आत्याने अर्ज दिला. १५१०० या क्रमांकावरही चौकशी करता येते.

नव्या वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत आजचा सातबारा बाजूला ठेवला आणि १९५६-५७ च्या सुमाराचे उतारे, पीकपाहणीच्या नोंदी, ‘इतर हक्क’ या रकान्यातले कुळाचे नाव ज्या फेरफाराने, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदीने, कमी झाले तो फेरफार आणि खंडाच्या पावत्या मागितल्या. उतारे तहसीलच्या अभिलेख कक्षातून नकलेचा अर्ज करून मिळाले. पावत्या मात्र आत्याच्या ट्रंकेत, लुगड्याच्या घडीत निघाल्या. त्यांवर किती मण भात पोचले ते लिहून मालकिणीच्या कारभाऱ्याने सही केलेली आहे.

निकाल विरुद्ध गेला तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील आणि त्यानंतर महसूल न्यायाधिकरणापुढे पुनरीक्षण, असा पुढचा मार्ग आहे. तूर्त सुनावणी चालू आहे. तारीख लावणी आटोपल्यावरची मिळावी, एवढेच आत्याने वकीलबाईंना सांगून ठेवले आहे.