‘रुग्ण’ऐवजी ‘मी’

मानसोपचारतज्ज्ञ म्हणून मी असंख्य केसपेपरांवर ‘आजाराची जाण नाही’ अशी नोंद केली होती; पण टोकाचा उत्साह आणि टोकाचे नैराश्य यांत मन हेलकावत ठेवणाऱ्या बायपोलर आजाराचा पहिला मॅनिया, म्हणजे अतिउत्साहाचा टप्पा, मला आला तेव्हा रोज दोन-तीन तासांची झोप पुरते, याचा मला अभिमानच वाटत होता. एका सहकाऱ्याने मला उपचारांसाठी नेले. लिथियम हे मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध सुरू झाले आणि शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी तपासणीसाठी रक्त देणे, थायरॉइड व मूत्रपिंडाच्या तपासण्या करणे, हे इतरांना सांगत आलेले वेळापत्रक माझे झाले. हातांच्या ज्या थरथरीला मी रुग्णांसमोर ‘किरकोळ दुष्परिणाम’ म्हणत असे, तिच्यामुळे सही करायला लाज वाटू लागली.

काही वर्षांनी या आजारपणाविषयी लिहायला बसलो. मानसशास्त्रज्ञ के रेडफिल्ड जेमिसन यांनी १९९५ मध्ये आपल्या बायपोलर आजाराविषयी पुस्तक लिहिले होते. डीबीटी (डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी) ही तीव्र भावना सांभाळायला शिकवणारी उपचारपद्धती घडवणाऱ्या मार्शा लिनहान यांनी २०११ मध्ये, किशोरवयात जिथे त्या दाखल होत्या त्याच रुग्णालयात, आपली हकीकत सांगितली होती. दोघींना तोवर आपापल्या क्षेत्रात मान मिळालेला होता. माझ्यापाशी तसे कवच नव्हते, आणि म्हणूनच बहुधा माझा पहिला मसुदा केसपेपरच्या भाषेत उतरला. माझ्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तो वाचून एवढेच विचारले, “यातला रुग्ण कोण?”

मग ‘रुग्ण’ खोडून ‘मी’ लिहू लागलो, तर वाक्ये टिकेनात. ‘रुग्णाने अवाजवी खर्च केला’ याचे ‘बहिणीने विश्वासाने ठेवायला दिलेले पैसे मी उधळले’ असे झाले, आणि ते छापण्यापूर्वी तिची परवानगी घ्यावी लागली. त्या काळात मी तपासलेल्या रुग्णांविषयीचा मजकूर पूर्णपणे काढला, कारण ती कहाणी सांगण्याचा हक्क मला नव्हता. आत्महत्येचे विचार आले होते हे लिहिले. त्यांचा तपशील मात्र लिहिला नाही.

लेख प्रसिद्ध होण्याआधी माझ्याकडे उपचार घेणाऱ्या प्रत्येकाला मी समक्ष सांगितले. एका बाईंनी विचारले, “माझ्यासमोर बसत होतात तेव्हा तुम्ही बरे होतात ना?” मी म्हणालो, “हो. आणि ज्या दिवशी नसेन, त्या दिवशी मला काम थांबवायला लावण्याचा अधिकार मी दुसऱ्यांना लेखी दिला आहे.” त्या कागदावर कोणाकोणाच्या सह्या आहेत, असे त्यांनी विचारले. मी माझ्या डॉक्टरांचे, सहकाऱ्याचे आणि बहिणीचे नाव सांगितले.