याला एवढा फ्लॅट परवडतो कसा?

शुक्रवारी रात्री जेवणं उरकून ओटा पुसला की आमच्याकडे पिक्चर लागतो. मुलुंड पूर्व, दहा बाय चौदाचा हॉल. सोफा टीव्हीच्या इतका जवळ की नायिकेच्या मेकअपचे थर मोजता येतात. हिंदी पिक्चर असला तरी सबटायटल्स लावूनच ठेवतो, कारण पंखा तीनवर असतो आणि खिडकीखालून गाडी जाते. ती नेमकी खुनी कोण ते कळायच्या वेळेलाच जाते.

नवरा पिक्चरमधली माणसं बघत नाही, भिंती बघतो. पहिल्या पाच मिनिटांत त्याची चौकशी सुरू होते.

"हा काय करतो?"

"जाहिरात कंपनीत आहे म्हणे."

"आणि हा हॉल? पाचशे फूट तरी कार्पेट आहे. वर समुद्र दिसतोय. आईवडील गावाला. याला एवढा फ्लॅट परवडतो कसा?"

तो आमच्या सोसायटीचा खजिनदार आहे आणि रीडेव्हलपमेंटच्या मीटिंगा दोन वर्षं चालू आहेत, हे लक्षात घ्यायला हवं. ज्याला वाढीव चाळीस फुटांसाठी बिल्डरशी हुज्जत घालायची सवय लागली आहे, त्याच्यासमोर एखादी होतकरू चित्रकार बाई वांद्र्यात एकटीच टूबीएचकेत राहते असं दाखवलं की पिक्चर तिथेच संपतो. पुढे ती रडली काय, मेली काय, त्याला सोयरसुतक नसतं.

माझं दुखणं वेगळं आहे. मी कप बघते.

पडद्यावरच्या माणसांचे चहाचे कप रिकामे असतात. भरलेला कप हाताला जड लागतो. माणूस तो उचलताना किंचित थांबतो, हाताचं बोट बशीवर ठेवून अंदाज घेतो, बोलता बोलता हलवत तर मुळीच नाही. यांचे कप हवेत नाचतात. एक बाई भांडताना कपासकट हात झटकते आणि साडीवर थेंब नाही! तीच गत सुटकेसची. घर कायमचं सोडून निघालेला माणूस ती एका बोटावर अडकवून जिना उतरतो. एकदा रिकामा कप दिसला की त्या नटावरचा माझा विश्वास उडतो. नवरा म्हणतो, एवढं काय त्यात. पाचशे फुटांवरून गदारोळ करणाऱ्या माणसाने हे म्हणावं!

तिसऱ्या परीक्षक आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई. "मी काही बघत नाही हो, नुसती बसलेय," असं म्हणून खुर्चीत डोळे मिटतात आणि एक अक्षर सोडत नाहीत.

बासू चॅटर्जींचा १९७२ चा 'पिया का घर' लावला तेव्हा घरात पहिल्यांदा एकमत झालं. राजा ठाकूर यांच्या 'मुंबईचा जावई'वरून केलेला. चाळीतलं भरलेलं घर, नुकतं लग्न झालेलं, आणि दोघांना एकांत म्हणून मिळत नाही. नवऱ्याने खोली डोळ्यांनी मोजली आणि "बरोबर आहे," म्हणाला. त्याच्या तोंडून यापेक्षा मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही. आई डोळे मिटूनच म्हणाल्या, "हे आमचंच घर. आमच्याकडे गाणी नव्हती एवढंच."

'कोर्ट'वरून मात्र वाजलं. चैतन्य ताम्हाणेचा हा पहिलाच पिक्चर, २०१४ चा, उत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालेला. एका वृद्ध लोकशाहिरावर खटला आहे. का, तर म्हणे त्याचं गाणं ऐकून एका गटार साफ करणाऱ्या कामगाराने जीव दिला. कॅमेरा एका जागी बसतो आणि बसूनच राहतो. वीस मिनिटांनी नवरा म्हणाला, "नेट अडकलंय का बघ जरा."

मला तो त्यातल्या सरकारी वकीलबाईसाठी आवडला. कोर्टात तिचा राग येत होता. मग ती लोकलने निघते, मुलाला पाळणाघरातून घेते, घरी येऊन स्वयंपाकाला लागते. आता हिचा राग कसा करायचा? ही तर आमच्या लेडीज डब्यातलीच, रोज उभ्या बाईला बसायला सरकून जागा देणारी. मी हे सांगत होते तेवढ्यात पडद्यावर पुढची तारीख पडली. नवरा ताठ बसला. आमच्या सोसायटीचं एक जुनं प्रकरण आहे, त्याच्या तारखांना तोच जातो. त्यानंतर पिक्चर संपेपर्यंत तो हलला नाही. शेवटी म्हणाला, "पिक्चर म्हणून कंटाळवाणा आहे. पण खोटा नाही." मी म्हटलं, मग चांगला म्हण की. नाही म्हणाला.

('अशी ही बनवाबनवी'वर मत द्यायची आमच्या घरात मुभा नाही. तो लागतो, आम्ही हसतो, विषय संपला.)

खरी मजा आली ती 'द लंचबॉक्स'च्या रात्री. रितेश बत्राचा, २०१३ चा. इलाचा डबा नवऱ्याऐवजी निवृत्तीला टेकलेल्या साजन फर्नांडिसकडे जातो आणि चाटूनपुसून परत येतो. घरी तिचा नवरा भलत्याच भाजीचं कौतुक करतो, तिथे तिला कळतं. इथे आमच्याने रिमोट उचलला.

"एक दिवस चुकला, मान्य. पण रोज? रोज त्याच माणसाकडे?"

"खूणच चुकीची पडली असेल तर रोज तिकडेच जाणार ना."

"तू मला डबेवाले सांगू नकोस. बाबा तीस वर्षं फोर्टला होते."

मग बाबांच्या डब्याचं झाकण आलं. ते मीही बघितलंय, माळ्यावर आहे अजून. वर रंगाने काढलेली अक्षरं आणि आकडे. उतरवायचा कुठे, कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर, सगळं त्या तळहाताएवढ्या गोलात. "तीस वर्षांत एकदाही चुकला नाही," नवरा म्हणाला.

"एकदा चुकला होता," खुर्चीतून आवाज आला.

रिमोट खाली ठेवला गेला.

बाबांच्या शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांचा डबाही अगदी तसाच. एके दिवशी बोलण्याच्या नादात दोघांनी एकमेकांचा उचलला. बाबा माळकरी. डब्यात सुरमई. "माझ्याकडे आपला डबा परत आला तो पडवळाच्या भाजीसकट, भरलेला," आई म्हणाल्या. "ह्यांनी पडवळ कधी टाकलं नव्हतं. विचारलं तर म्हणाले, आज भूक नव्हती. आणि हाताला हा वास!"

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी.

"काही नाही. दुसऱ्या दिवशी परत पडवळ दिलं."

नवरा बराच वेळ पडद्यावरच्या थांबलेल्या इरफानकडे बघत राहिला. पन्नाशीला आलेल्या माणसाला रात्री सव्वादहाला आपल्या वडिलांबद्दल हे कळावं! मग म्हणाला, "म्हणजे डबेवाला चुकला नव्हताच." आणि पुढे लावलं.

वरच्या मजल्यावरच्या देशपांडे आंटीचा नुसता आवाज येतो. आईंनी पहिल्या वाक्याला ओळखला, "ही वागळ्यांची बायको." दूरदर्शनवरच्या 'वागळे की दुनिया'तली, म्हणजे भारती आचरेकर. त्या आंटीचा नवरा वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळून पंख्याकडे बघत असतो, म्हणून पंखा बंद करायची सोय नाही, हे ऐकल्यावर आईंनी डोळे उघडून एकदा आमच्या पंख्याकडे बघून घेतलं. ती आंटी आता दिसेल मग दिसेल म्हणून शेवटपर्यंत जाग्या राहिल्या. ती दिसत नाही. "एवढं बोलली आणि तोंड दाखवलं नाही," एवढं म्हणून झोपायला गेल्या.

पिक्चरही तसाच संपतो. दोघं भेटतात की नाही, दाखवलेलं नाही. नवरा चिडला. पावणेदोन तास बसवून घेतलं आणि हिशेब अर्धवट, म्हणाला. मी म्हटलं, कपात चहा होता ना, मग झालं.

दिवा घालवून दहा मिनिटं झाली असतील. मला वाटलं हा झोपला. शेवटची गाडी ठाण्याकडे निघून गेल्यावर अंधारातून आवाज आला, "ती इला भूतानला जायचं म्हणत होती ना? तिथे आपला एक रुपया म्हणजे पाच रुपये, असंही पिक्चरमध्ये म्हणाली ना?"

"हं."

"मग तिथे भाडं केवढं पडत असेल?"