पप्पांची रिक्षा आणि माझं जावास्क्रिप्ट

डिप्लोमाच्या पाचव्या सेमला क्लायंट साइड स्क्रिप्टिंग हा विषय होता आणि टाइमटेबलवर शॉर्टमध्ये लिहिलेलं सीएसएस. मला वाटलं हे आपलं वेबपानाला रंग, फॉन्ट, बॉर्डर देणारं सीएसएस, ते तर येतं, म्हणून पहिली दोन लेक्चर्स निवांत काढली. तिसऱ्याला कळलं की अख्खा विषय जावास्क्रिप्टचा आहे, म्हणजे ब्राउझरमध्ये पानाला कामाला लावणाऱ्या भाषेचा. सरांनी सांगितलं की १९९५ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीत ब्रेंडन आइक यांनी या भाषेचा पहिला नमुना १० दिवसांत लिहिला. तेव्हा भारी वाटलेलं, नंतर नंतर त्या १० दिवसांचाच राग यायला लागला.

आम्ही राहतो वागळे इस्टेटला, कॉलेज ऐरोलीकडे, म्हणजे रोज ठाणे स्टेशनला नऊ-दहा नंबरवर जाऊन वाशी लोकल. परत येताना गाडीत मोबाइलवर कोड वाचायचे, कारण लॅबमध्ये काही कळायचंच नाही. पहिल्या प्रॅक्टिकलला बटण दाबलं तर काहीच होईना. जावा या दुसऱ्या भाषेत चुकलं की कंपायलर, म्हणजे कोड आधी तपासणारा प्रोग्रॅम, तोंडावर सांगतो, इथे पान आपलं गप्प. दीड तास मी बटणाच्या आयडीचं स्पेलिंग तपासत बसले, शेवटी शेजारच्या मैत्रिणीने एफ१२ दाबून कन्सोल, म्हणजे ब्राउझर चुका लिहितो ती खिडकी, उघडला तर तिथे लाल अक्षरात सगळं लिहिलेलं. स्क्रिप्ट मी हेडमध्ये, म्हणजे पानाच्या कोडच्या वरच्या भागात, टाकलेली आणि बटण खाली बॉडीत, ब्राउझर वरून खाली वाचत येतो, स्क्रिप्ट चालली तेव्हा बटण जन्मालाच आलेलं नव्हतं, म्हणून हातात नल, म्हणजे काहीच नाही. स्क्रिप्ट बॉडीच्या शेवटी नेली, झालं. (डिफर, म्हणजे पान वाचून झाल्यावर स्क्रिप्ट चालव, असं लिहिलं तरी चालतं, पण त्यासाठी स्क्रिप्ट वेगळ्या फाइलमध्ये हवी, हे मला जर्नल पूर्ण झाल्यावर कळलं.) कुकीच्या, म्हणजे ब्राउझरमध्ये ठेवायच्या छोट्या नोंदीच्या, प्रॅक्टिकललाही असंच, फाइल डबल क्लिक करून उघडली की क्रोम कुकी ठेवतच नाही, लाइव्ह सर्व्हरवर, म्हणजे आपल्याच कॉम्प्युटरवरच्या छोट्या सर्व्हरवर, चालवली तर ठेवतो.

खरी मजा मायक्रोप्रोजेक्टला. सगळे कॅल्क्युलेटर नाहीतर क्विझ करत होते, मी म्हटलं आपण रिक्षाचं भाडं काढणारं पान करू, पप्पा रिक्षा चालवतात, घरचाच विषय. १ फेब्रुवारी २०२५ पासून आपल्याकडे पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७.१४. किलोमीटर प्रॉम्प्टने, म्हणजे उत्तर टाइप करायच्या चौकटीने, विचारायचे, दीड वजा करायचा, गुणायचं, २६ मिळवायचे, वर सामानाचे पैसे. साडेतीन किलोमीटर आणि सामानाचे ६ टाकले, उत्तर आलं ६०.२८६. मला बरोबरच वाटलं, दशांश आहेत म्हणजे हिशोब झालाय.

रात्री जेवताना लॅपटॉप पप्पांसमोर धरला. त्यांनी एकदाच बघितलं. "अगं, सामानाचे सहा गेले कुठे? साठ नि सहा, सहासष्ट नको?"

मी म्हटलं पप्पा, कॉम्प्युटर कसा चुकेल. मग बघितलं तर खरंच ६०.२८ च्या शेपटीला ६ चिकटलेला! प्रॉम्प्ट काहीही टाइप केलं तरी स्ट्रिंगच, म्हणजे आकडा नाही तर नुसता मजकूर, देतो. वजाबाकी आणि गुणाकाराला जावास्क्रिप्ट गुपचूप त्याचा आकडा करून घेतं, त्यामुळे किलोमीटरचा हिशोब बरोबर यायचा, पण अधिकच्या चिन्हाला एक बाजू जरी स्ट्रिंग असली तरी बेरीज सोडून चिकटवाचिकटवी. म्हणजे एकाच पानावर अर्धा हिशोब बरोबर, अर्धा चूक, आणि एरर एकही नाही. हे नोट्समध्ये होतं हो, मी दोनदा लिहून पण काढलेलं. दोन्ही इनपुटना मजकुराचा आकडा करणारं नंबर फंक्शन लावलं तेव्हा ६६.२८ आलं.

मग हुशारी सुचली, पान गिटहब पेजेसवर, म्हणजे इंटरनेटवर पान ठेवायच्या जागेवर, टाकलं आणि लिंक पप्पांना व्हॉट्सअॅप केली. दुपारी स्टँडवरून स्क्रीनशॉट आला, खाली लिहिलेलं, "हे नान काय आहे?" माझ्याकडे तर सगळं चालत होतं. संध्याकाळी त्यांचा फोन हातात घेतला तेव्हा दिसलं की कीबोर्ड मराठी आहे, त्यांनी "३.५" आपल्या आकड्यांत टाकलेलं, आणि जावास्क्रिप्टला ते आकडे आकडे वाटतच नाहीत, म्हणून नान (NaN), म्हणजे हा आकडाच नाही. रेगेक्स, म्हणजे मजकुरात नमुना शोधायच्या पद्धतीतला, आकड्यांसाठीचा बॅकस्लॅश डीसुद्धा फक्त इंग्रजी ० ते ९ ओळखतो. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला नंबर देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी शून्याचा नंबर २४०६, म्हणून प्रत्येक देवनागरी आकड्याच्या कोडमधून २४०६ वजा करून आकडा काढायचा असं छोटं फंक्शन लिहिलं. सेममधला तेवढा एकच कोड मी कुठूनही कॉपी केला नव्हता. त्याच नादात "ठाणे"ची लेंथ काढून बघितली तर ४ आली, काना नि मात्रा वेगळे मोजतात म्हणे.

व्हायव्हाला एक्स्टर्नल मॅडमनी दोन इक्वल (==) आणि तीन इक्वल (===) या तुलनेच्या चिन्हांमधला फरक विचारला. मी पाठ केलेली व्याख्या विसरले आणि सामानाच्या सहा रुपयांपासून सुरुवात केली, की ६ स्ट्रिंग आणि ६ नंबर दोन इक्वलला सारखेच, तीनला नाही. त्या हसल्या, पुढचं काही विचारलं नाही.

सबमिशनच्या आदल्या रात्री पप्पांनी नवीन काढलं, रात्री १२ ते ५ सव्वापट भाडं असतं ते कुठे आहे यात? ते गेटअवर्सने, म्हणजे वेळेतला तास देणाऱ्या फंक्शनने, बसवलं. वेटिंगचं मात्र राहिलंय, आणि मार्क येऊन गेले तरी दर रविवारी विचारतात, झालं का.