छोटा घरगुती चेनसॉ घ्यावा का: तपासणी कुठवर आली

मंडळी, माझा कल घेण्याकडेच आहे, हे आधी सांगून टाकतो. चौदा इंची बारचा (बार म्हणजे साखळी जिच्याभोवती फिरते ती पट्टी) हा वापरलेला पेट्रोल चेनसॉ ओळखीच्या एका काकांनी चालवून बघायला दिलाय. पटला तर ठेव, नाही तर परत कर, एवढंच म्हणाले. मला तो लेथच्या, म्हणजे लाकूड फिरवत कातून घडवायच्या यंत्राच्या, कामासाठी हवाय. ओल्या लाकडातून वाट्या कातायच्या तर आधी ओंडका हव्या त्या लांबीला तोडावा लागतो आणि मग गाभ्यातून उभा चिरून त्याच्या दोन फाका कराव्या लागतात. पहिलं काम धार असलेला कुठलाही चेनसॉ करतो. छोट्या यंत्राचा कस लागतो तो दुसऱ्या कामात, म्हणून सगळी तपासणी तेच डोळ्यांसमोर ठेवून केली.

सीसीचे आकडे बघून यंत्र जोखणं मी सोडून दिलंय. स्टिलच्या एमएस १८० चं इंजिन ३१.८ सीसीचं आणि हुस्क्वार्नाच्या १२० मार्क २ चं ३८.२ सीसीचं, पण कागदावरची ताकद दोन्हींची १.४ किलोवॅटच्या आसपासच. बारच्या लांबीचंही तसंच. याच ताकदीवर लांब बार चढवला की जास्त दात एकाच वेळी लाकडात बसतात, साखळी मंदावते आणि तिच्या वंगणाचं तेलही पुरत नाही. या वर्गातल्या यंत्राला चौदा इंच, फार तर सोळा. माझे ओंडके साधारण २५ सेंटीमीटर जाडीचे असतात, त्यांना चौदा पुरतो.

यंत्र सुरू करण्याआधी सायलेन्सर उतरवला. वापरलेल्या टू-स्ट्रोकबाबत (पेट्रोलमध्येच तेल मिसळून चालणाऱ्या इंजिनाबाबत) एवढं एकच काम करायला वेळ असेल तर हेच करा. दोन-तीन स्क्रू निघाले की एक्झॉस्टच्या तोंडातून पिस्टनची बाजू दिसते. तिथे उभे ओरखडे असतील तर ते इंजिन कधीतरी तेलाविना किंवा फार पातळ मिश्रणावर (इंधन कमी, हवा जास्त) चाललेलं आहे; बाहेरून कितीही चकचकीत असलं तरी त्याच्या वाटेला जाऊ नये. या पिस्टनवर कारखान्यातल्या घडणीच्या बारीक आडव्या रेषा अजून शाबूत आहेत. त्या पाहून फार बरं वाटलं. सिलिंडरमधला दाब मोजणारं गेज लावून दोरी ओढली तेव्हा काटा १३० पीएसआयच्या पुढे गेला. माझा अंदाज असा: १२० च्या वर असेल तर निर्धास्त, १०० च्या खाली असेल तर सिलिंडर-पिस्टनचा खर्च धरूनच बोलणी करावीत.

इंजिनाची रचना क्लॅमशेल आहे, म्हणजे क्रँककेसचा (इंजिनाचा फिरता दांडा, क्रँक, बसतो त्या पेटीचा) खालचा अर्धा भाग सिलिंडरच्या तळाला स्क्रूंनी जोडलेला आणि ते सगळं इंजिन प्लास्टिकच्या सांगाड्यात बसवलेलं. व्यावसायिक यंत्रांत मॅग्नेशियमचं क्रँककेस हाच सांगाडा असतो. अनेक जण क्लॅमशेल म्हटलं की नाक मुरडतात. मला ते पटत नाही. पिस्टन बदलायचा झाला तर पूर्ण इंजिन बाहेर काढावं लागतं आणि जोडावर सीलंट (फट बुजवणारा लेप) लावून पुन्हा बसवावं लागतं, हा त्रास खरा. पण वर्षातून मोजके ओंडके कापणाऱ्याच्या हातात ती वेळ क्वचितच येते. त्याच्या यंत्राचा जीव जातो तो टाकीत महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या पेट्रोलमुळे. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, कार्बोरेटरचा पडदा ताठर होतो, इंधनाची नळी कडक होऊन तडकते. म्हणून हा चेनसॉ राहिला तर टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवूनच ठेवायचा, हे ठरलंय. मिश्रण १:५०, लिटरमागे २० मिली चांगलं टू-स्ट्रोक तेल, आणि तेही लागेल तेवढंच बनवायचं.

पुढची पायरी बारच्या तेलाची. बारचं टोक स्वच्छ पुठ्ठ्यासमोर, त्याला न टेकवता धरलं आणि इंजिन थोडं वर घेतलं. काही सेकंदांत पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटली. ती उमटली नसती तर आधी बारचं तेलाचं भोक आणि खाच भुश्याने बुजलीय का ते पाहिलं असतं. तिथे साफसफाईने काम भागतं. पंप खराब निघाला तर ते वेगळं दुखणं. या यंत्रात तेलाचं प्रमाण कमी-जास्त करायची सोय नाही. लांब बार टाळण्याचं हे आणखी एक कारण.

आता साखळी, कारण माझ्या मते छोट्या चेनसॉचं निम्मं मोजमाप इथेच होतं. काकांनी दिली तशी साखळी चालवली तर बारीक भुसा पडत होता आणि चीर उजवीकडे वळत होती. हे पाहून बरेच जण यंत्रात दम नाही म्हणतात, पण दोष धारेचा असतो. बारीक भुसा म्हणजे दात बोथट. चीर एका अंगाला जाते म्हणजे एका बाजूचे दात दुसऱ्या बाजूपेक्षा आखूड किंवा बोथट, नाहीतर बारच्या कडा कमी-जास्त झिजलेल्या. बार सपाट काचेवर उभा धरून पाहिला, कडा सारख्या होत्या. मग ४ मिलिमीटरची गोल कानस घेतली. छोट्या चेनसॉवरच्या या ३/८ लो-प्रोफाइल प्रकारच्या साखळीला हेच माप लागतं. ३० अंशांचा कोन धरून सगळ्यांत आखूड दाताच्या लांबीला बाकीचे दात आणले. दातापुढचा खोली ठरवणारा उंचवटा सपाट कानशीने घासून दाताच्या धारेपेक्षा ०.६५ मिलिमीटर खाली आणला. तो याहून खाली नेण्याचा मोह टाळावा. साखळी अधाशी होते, हिसके देते आणि छोट्या इंजिनाचा श्वास कोंडतो.

कानस फिरल्यावर तेच यंत्र ओळखू येईना. ढलप्या पडू लागल्या आणि बार स्वतःच्या वजनानेच खाली उतरत गेला. म्हणूनच माझं म्हणणं आहे, की जुना चेनसॉ धार लावल्याशिवाय नापास करू नका आणि पासही करू नका.

मग उभी चीर. ओंडका आडवा ठेवून, बार त्याच्या लांबीला समांतर धरून कापलं की भुसा पडत नाही, सुतळीसारखे लांब तंतू निघतात. ओंडका उभा करून टोकावरून लाकडाच्या रेषांच्या दिशेने खाली चिरण्यापेक्षा ही पद्धत बरीच वेगवान, पण ते तंतू स्प्रॉकेटच्या (साखळी फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या) झाकणात अडकतात. या यंत्रात झाकणाखालची जागा अरुंद आहे, त्यामुळे दर थोड्या वेळाने इंजिन बंद करून ती मोकळी करावी लागली. ओला मऊ ओंडका त्याने नीट फाडला. जुना, कडक झालेला ओंडका घेतला तेव्हा मात्र वेग पडला आणि जरा दाबताच साखळी थांबू लागली. तिथे पाचर आणि घणाने ओंडका फोडणं जास्त शहाणपणाचं. या कामाचा रोजचा रतीब असेल त्याने ५० सीसीच्या पुढचं यंत्र बघावं. मला तेवढी गरज नाही.

सुरक्षेच्या बाबतीत मी तडजोड करत नाही. इंजिन बंद ठेवून, मागची मूठ धरून बारचं टोक बुंध्यावर पडू दिलं. झटक्याने ब्रेक आपोआप लागला. चालू इंजिनावर पुढचं हँडगार्ड मनगटाने ढकलल्यावर साखळी तत्काळ थांबली. चाप सोडल्यावर साखळी फिरत राहत नाही. यातलं एक जरी चुकलं असतं तर चेनसॉ तसाच परत गेला असता. बारच्या टोकाचा वरचा चतुर्थांश लाकडाला लागला की किकबॅक बसतो, म्हणजे बार उसळून चालवणाऱ्याच्या अंगावर येतो, आणि तो माणसाच्या प्रतिक्षिप्त क्रियेपेक्षा जलद असतो. हलक्या यंत्राला तो कमी बसेल असं कुणी समजू नये. पायांना क्लास १ चे संरक्षक, म्हणजे २० मीटर प्रति सेकंद साखळीच्या वेगापर्यंत तपासलेले, शिवाय कानांना मफ आणि डोळ्यांवर जाळी. हा खर्च यंत्राच्या किमतीतच धरायचा.

बॅटरीचा का नको, असं काही जणांनी विचारलंय. फांद्या छाटायला मी तोच घेतला असता: कार्बोरेटर नाही, शिळं पेट्रोल नाही, बटण दाबलं की चालू. पण ३६ व्होल्ट, ५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत १८० वॅट-तास असतात. उभ्या चिरेत मोटर १.४ किलोवॅट सतत ओढत राहिली तर आठ मिनिटंही पुरत नाहीत. माझं निम्मं काम तेच आहे.

एक शंका अजून फिटलेली नाही. चाप सोडल्यावर इंजिनाचा आवाज लगेच उतरत नाही, क्षणभर वरच लटकतो. यंत्र एका कुशीवर कलंडलं की आयडलही (चाप न दाबता इंजिन फिरतं तो वेग) थोडं बदलतं. कुठूनतरी हवा आत शिरतेय, असा माझा अंदाज. इनटेकच्या रबरी बूटला (कार्बोरेटर आणि सिलिंडर जोडणाऱ्या नळीला) चीर असेल तर स्वस्तात सुटेल. क्रँकचे सील (दांड्याभोवतीच्या हवाबंद रबरी कड्या) गेले असतील तर क्लॅमशेल उघडावं लागेल. हवेच्या गळतीवर चालवत राहिलं तर तो सुंदर पिस्टन माझ्याच हातून खरवडला जाईल, म्हणून कापणं थांबवलंय. या आठवड्यात बूट काढून बघतो, नवी इंधननळीही त्याच वेळी बसवतो. सीलचं दुखणं निघालं तर काकांशी किमतीचं नव्याने बोलावं लागेल. कुणी या प्रकारच्या इंजिनात सील बदलले असतील तर कोणतं सीलंट टिकलं ते नक्की लिहा.