सही बापाची, बोट लेकीचं

पाचशेच्या स्टॅम्पवर मजकूर टाईप केलेला होता: 'मुलीच्या दुखापतीपोटी रोख रुपये 25,000 मिळाले. यापुढे संस्थेविरुद्ध आमची कसलीही तक्रार राहणार नाही.' खाली बापाची सही, दोन साक्षीदार. साक्षीदार दोघंही संस्थेचेच नोकर.

"मॅडम, सही केलीया, पैसंबी घेतल्यात. आता कसली केस?" बाप. कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला. बायको ओढून आणते म्हणून माझ्या वकिलीच्या ऑफिसात आलेला.

"तुम्ही केलीसा. मी न्हाई केली," ती म्हणाली. ती विश्रामबागेत कापडाच्या दुकानात असते, म्हणूनच साडेतीन वर्षांची पोर नर्सरी सुटल्यावर तिथंच डे-केअरला थांबायची. टॉयलेटचं दार कुणीतरी लोटलं आणि बिजागरीच्या फटीत पोरीच्या उजव्या हाताचं मधलं बोट सापडलं. नखासकट अर्धं पेर गेलं. मावशींनी तो तुकडा घाईघाईत थेट बर्फात टाकून दिला. ओल्या गॉजमध्ये गुंडाळून, पिशवीत घालून, मग ती पिशवी बर्फावर ठेवायची असते हे कुणाला माहीत नव्हतं. मिरजेत डॉक्टरांनी जखम शिवली, तुकडा काही जोडता आला नाही.

स्टॅम्प बघून घाबरण्यासारखं काही नव्हतं. भरपाईचा हक्क मुलीचा आहे, बापाचा नव्हे. 1956 च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्याचं कलम 8 सांगतं की पालकाला स्वतःच्या करारानं अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाला बांधता येत नाही. दिवाणी दाव्याची मुदतसुद्धा मुलगी अठराची झाल्यावर तीन वर्षांपर्यंत शिल्लक राहते. पण तोवर थांबून पुरावा कुठून आणणार?

तेव्हा दुपारीच आईला घेऊन तिथं गेले. त्या दाराला बिजागरीच्या बाजूनं प्लास्टिकची नवीकोरी पट्टी बसवलेली, स्क्रू चकाकत होते आणि फरशीवर ड्रिलचा भुसाही तसाच. फोटो काढले. संचालिका बाई म्हणाल्या, "मुलं दंगा करतात, आम्ही किती बघणार?" दोनेकशे रुपयांची पट्टी आधी बसवली असती तर बघावंच लागलं नसतं, हे मी मनातच ठेवलं. कॅमेरा होता, पण रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. म्हणून फुटेज जपून ठेवा असं पत्र तिथंच हातानं लिहून दिलं आणि पोच घेतली. पोच देताना बाईंचा चेहरा पहिल्यांदा उतरला.

तक्रार ग्राहक आयोगात न्यायची होती, पण मला खरी काळजी वेगळीच होती. 2020 च्या जानेवारीत राष्ट्रीय ग्राहक आयोगाच्या मोठ्या पीठानं शिक्षणसंस्थांना ग्राहक कायद्याबाहेर काढलं, अगदी सहली आणि पोहण्याच्या वर्गांसकट. समोरचे वकील हेच पुढं करणार. सरकारची राजीव गांधी विद्यार्थी अपघात योजना आहे, पण ती पहिली ते बारावीची. नर्सरीचं पोर कुठंच बसत नाही.

आईनं पर्समधून पावत्या काढल्या. दोन रंगांच्या. पिवळीवर नर्सरी फी, गुलाबीवर डे-केअर चार्जेस. नर्सरी बाराला सुटायची आणि दुखापत झाली सव्वादोनला. म्हणजे त्या वेळी तिथं शिकवणं चाललं नव्हतं, पैसे घेऊन मूल सांभाळणं चाललं होतं. माझ्या मते केसचा सगळा जीव त्या गुलाबी पावतीत होता.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली, मुलीच्या नावानं, 'अज्ञान, तर्फे अ.पा.क. आई', म्हणजे अज्ञान पालनकर्ती आई. मुदत दोन वर्षांची, आणि सेवेपोटी भरलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तक्रारीला फी नाही. बापाला ही फी नसल्याची गोष्ट तेवढी आवडली.

समोरच्या वकिलांनी शिक्षणसंस्थेचा मुद्दा घेतलाच. गुलाबी पावत्या बघितल्यावर मात्र त्यांचा सूर तडजोडीचा झाला. वाहन अपघातात 10 टक्क्यांपर्यंत अपंगत्व आलेल्या मुलाला सर्वसाधारणपणे एक लाख, असं सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये म्हटलंय, तेच ते पुढं करत होते. मी म्हटलं, तो आकडा वाहनांच्या केसेसचा, आणि इथं तर मूल तुमच्याच ताब्यात होतं. शेवटी त्याच्या दुपटीहून थोडं वर आले. बापानं घेतलेले पंचवीस हजार दवाखान्याच्या बिलात धरले.

अज्ञानाच्या दाव्यात तडजोडीला कोर्टाची परवानगी लागते, दिवाणी प्रक्रिया संहितेची ऑर्डर 32 नियम 7. आयोगापुढं आम्ही तेच तत्त्व धरलं. सदस्यांनी आईला विचारलं, "पैसे कुठं ठेवणार?" बाप मागून म्हणाला, "घराचं स्लॅबचं काम..." आईनं मागं वळूनही बघितलं नाही. "तिच्या नावावर."

आदेशात तसंच आलं. रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुलीच्या नावे मुदत ठेव, ती अठराची होईपर्यंत मुद्दल काढता येणार नाही, व्याज दर तिमाहीला आईच्या खात्यात. स्लॅबचं काम अजून अडलंय. बाप रस्त्यात भेटला तर नमस्कार करतो, पण बोलत नाही.